सुनेच्या मामाचं नाव

नातू झाला तेव्हा मी अमेरिकेत, फ्रीमाँटला मुलाकडे होते. ही नव्वदनंतरची गोष्ट. सुनेचं बाळंतपण करायला मुलाने मला मुंबईहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण प्रसूतिगृहात आया म्हणून मी अर्धं आयुष्य काढलं. बाळाला कसं धरायचं ते तिथली नर्स मला दाखवायला लागली, तेव्हा मी तिला सरळ बाजूला व्हायला सांगितलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागच्या बाजूला आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या. शनिवार पाळायचा आणि भांडायचं मराठीत. सूनही यहुदी, पण गोरी, अमेरिकेत जन्मलेली. तिची आई, म्हणजे माझी विहीण, मूळची पोलंडची. लढाईत जर्मनांनी तिचं सगळं घर मारलं, ती एकटी उरली. पहिल्या भेटीत तिने मला विचारलं होतं, तुम्ही यहुदी आहात हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हणाले, आईने. त्यावर ती हसली आणि आमचं जमलं. इंग्रजी दोघींचंही मोडकं. अवघड शब्द दोघींनाही येत नव्हते, त्यामुळे बोलणं सरळ व्हायचं.

आमच्यात मुलाचं नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी ठेवतात. विहिणीकडच्या लोकांत ते घरातल्या वारलेल्या माणसाचं ठेवायची पद्धत. सुनेने नाव आधीच ठरवलं होतं, तिच्या मामाचं. हा विहिणीचा थोरला भाऊ. त्याने धाकट्या बहिणीला माळ्यावर लपवून वाचवलं आणि स्वतः मारला गेला, हे सून लहानपणापासून ऐकत आली होती. सांगताना तिचे डोळे चमकायचे. विहीण मात्र हे नाव निघालं की उठून भांडी घासायला जायची.

चौथ्या दिवशी मी बाळाला अंघोळ घालत होते. टबात पाय पसरून बसले होते, बाळ पायांवर पालथं. विहीण दारात उभी होती. पोर घसरेल म्हणून ती पहिल्या दिवसापासून घाबरत होती, पण त्या दिवशी तिचं बाळाकडे लक्ष नव्हतं. तिने दार लावलं आणि म्हणाली की हे नाव मला नको.

मग तिने सांगितलं. गावातल्या सगळ्या यहुद्यांना दोन-तीन गल्ल्यांत कोंडलं होतं. बंदोबस्ताला जर्मनांनी त्यांच्यातलीच जवान पोरं नेमली होती, टोपी आणि दांडकं देऊन. तिचा भाऊ त्यांतला एक. एका सकाळी हुकूम आला की प्रत्येकाने इतकी माणसं छावणीत मारायला नेणाऱ्या आगगाडीपाशी आणून उभी करायची. कमी पडली तर त्याच्या घरची नेणार. त्याला दिलेल्या यादीत बहीणही होती. त्याने तिला माळ्यावर चढवलं आणि तिच्या जागी खाली राहणाऱ्या शिंप्याच्या मुलीला नेलं. दोघी एकाच वयाच्या, चौदाच्या. विहिणीने फटीतून पाहिलं होतं.

"ती रडत नव्हती," विहीण म्हणाली. "त्याचा हात धरून चालली होती. वरच्या मजल्यावरचा दादा, तिला काय भीती?"

पुढे दोन महिन्यांनी भावालाही त्याच गाडीत घातलं.

मी बाळावर पाणी ओतत राहिले. पाणी गार झालं असतं तर त्याला बाधलं असतं. मी विचारलं, मुलीला का नाही सांगत? ती म्हणाली, तिला एवढाच एक मामा आहे, तोही काढून घेऊ? आणि मग तिने खरं काम सांगितलं. तुमच्या लोकांच्या रीती इथे कोणाला माहीत नाहीत, तुम्ही म्हणाल ते चालेल. पहिल्या मुलाचं नाव बापाच्या घरचं ठेवतात, असं तुम्ही सांगा.

अशी काही रीत आमच्यात नाही. तरी मी त्याच दिवशी जेवताना सांगितलं, आमच्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात, नाहीतर पितर नाराज होतात. पितरांचं मी पदरचं घातलं. मुलगा चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"आई, ही रीत कधीपासून?"

"तुला काय ठाऊक? तेव्हा तू पाळण्यात होतास."

सुनेचा चेहरा पडला, पण आमच्या रीतींचा तिला भारी आदर. तिने ऐकलं. आठव्या दिवशी माझ्या वारलेल्या नवऱ्याचं नाव ठेवलं. त्यांचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं, त्या दिवशी चारचौघांत घ्यावं लागलं. घेतलं. काही झालं नाही.

पाहुणे गेल्यावर सून आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, वाईट नको वाटून घेऊस, पुढच्याला मामाचंच नाव ठेवू. विहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. दुसरी रीत माझ्यापाशी नव्हती. मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेले. बाहेर विहिणीने मुलीला सगळं सांगितलं, शिंप्याच्या मुलीचं आणि आमच्या खोट्या रीतीचंही.

त्यानंतर सुनेने आईशी बोलणं सोडलं. विहिणीचा फोन आला की उचलायची नाही. माझ्यावरही चिडली. म्हणाली, तुम्ही स्वतःच्या धर्माबद्दल खोटं बोललात. मी म्हणाले, बोलले, तुझ्या आईसाठी बोलले, आणि वेळ आली तर पुन्हा बोलेन. माफी मी मागितली नाही.

तीन आठवडे असेच गेले. एका सकाळी अंघोळीला बाळ माझ्याकडे देताना ती थांबली.

"माळ्यावर तुम्ही असता तर?"

"गप्प बसले असते. श्वाससुद्धा जपून घेतला असता."

"आणि मामाच्या जागी असता तर?"

"ते मला माहीत नाही. आमच्या गावात आम्हाला न्यायला कोणी आलं नाही. त्या साली माझं लग्न ठरलं होतं आणि मला काळजी होती ती लुगड्याची. मी त्याला चांगला म्हणणार नाही आणि वाईटही म्हणणार नाही. तुझी आई मात्र चौदा वर्षांची होती. तिने कोणाला धरून नेलं नाही."

सून रडेल असं वाटलं, पण रडली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने फोन उचलला. आईशी पहिला शब्द काय बोलली ते मला ठाऊक नाही. मी दार लोटून नळ मोठा सोडला होता.