तारेवरून आलेला सामना

आमच्या होल्टन क्रीकमध्ये डेल्मर क्रूसचा आवाज ठाऊक नाही असं माणूस नव्हतं. रेडिओवर सकाळी डुकरांचे भाव, मग कोण वारलं, कोणाच्या पोराचा बाप्तिस्मा, आणि संध्याकाळी बेसबॉल. माझ्या सलूनमध्ये तो बोलत असला की इतरांनी तोंड बंद ठेवायचं, असा माझा कायदाच होता.

परगावचे सामने तो बघायचाच नाही. रेडिओ केंद्राचा मालक ओटिस पक्का कंजूष, त्याला प्रवासाला पाठवायचा नाही. तारेनं दोन-चार शब्द यायचे, 'व्हॉस, बाद' एवढेच, आणि डेल्मर खोलीत बसून त्यातून अख्खं मैदान उभं करायचा. लाकडावर पेन्सिल हाणली की झाला बॅटचा टोला. प्रेक्षकांचा गलका तबकडीवरचा. तार बंद पडली तर फलंदाजाला फाउल मारायला लावायचं: चेंडू रेषेबाहेर, फलंदाज बाद नाही, खेळ चालू. असे फाउल कितीही मारता येतात. गावाला हे सगळं माहीत होतं. तरी ऐकताना विसरायचे सगळे, मीसुद्धा.

बावन्न सालच्या ऑगस्टात, एका शनिवारी, आमचा लाइल व्हॉस फलंदाजीला आला आणि तार गप्प झाली. त्याची आई अल्मा, लॉन्ड्रीत राबणारी विधवा बाई, घरी रेडिओला कान लावून बसली होती. डेल्मरनं एक फाउल मारला, दुसरा मारला. "लाइल टोपी सारखी करतोय, आपल्या पोरांकडे बघून हसतोय! आज काही खरं नाही त्यांचं!" माझी गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनं टाळ्या पिटत होती.

मग तार आली. पहिलाच चेंडू लाइलच्या कानशिलावर बसला होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा त्याला उचलून नेत होते. डेल्मरनं सरळ गाणं लावलं. लाइल इस्पितळात पोचायच्या आधीच गेला.

त्यानंतर तार तुटली की डेल्मर तसं सांगायचा आणि गप्प बसायचा. ओटिस भडकला. "अरे, शांतता ऐकायला लोक रेडिओ घेतात का? मार की दोन फाउल! तुझ्या बापाचं काय जातं?" डेल्मर ऐकेना, तेव्हा त्याला काढून टाकलं. मला ओटिसचा राग आला, आणि खरं सांगायचं तर डेल्मरचाही आला. आम्ही संध्याकाळ काढायची कशी?

मग एकदाचा तो अल्माकडे गेला. तोवर त्याला धीरच झाला नव्हता. बायकोनं दिलेली बटाट्याची डिश पोचवायला मी तिथेच होतो. तो टोपी हातात धरून दारातच उभा राहिला.

"मिसेस व्हॉस, मला माफ करा. ते सगळं मी मनानं रचलं होतं."

"माहीत आहे रे. अख्ख्या गावाला माहीत आहे." ती जवळ आली. "पण तो हसला म्हणालास, ते? तेवढं तरी तारेत होतं ना?"

हो म्हणायला काय लागत होतं? म्हण रे बाबा, मी मनात म्हणत होतो, हो म्हण. याहून मोठ्या थापा त्यानं जन्मभर मारल्या होत्या.

"नव्हतं," डेल्मर म्हणाला.

अल्मा खाली बसली. दफनाच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.