आईचा डावा हात

मार्गशीर्षातला रविवार, धुळ्यातल्या धाकट्या बहिणीची गच्ची. हजर: आई, बहीण, मी आणि बहिणीचे दोन चित्रकार मित्र, म्हणजे लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं. नातेवाइकांना त्यांची ओळख काय म्हणून करून द्यायची, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

बहीण लाकडावर कोरून चित्रं छापते. जळगावच्या तिच्या प्रदर्शनाची व्यवस्था माझ्याकडे: चहा, खुर्च्या, आमंत्रणं. आईची परवानगी तेवढी राहिली होती, कारण सगळ्यात मोठ्या चित्रात ती होती. सोनगीरजवळच्या शेतातली आमची भरीत पार्टी. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजणारे पुरुष, बाजेवर पाय पसरून सिगारेट ओढणारी या जोडप्यातली मैत्रीण आणि तिच्या शेजारी आई. डोक्यावरचा पदर घसरलेला, आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसलेली.

आबांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, आईचा पदर कधी ढळलेला नाही. आणि आबा प्रदर्शनाला येणार होते. आई नको म्हणणार, हे धरून मी त्या जागी लावायला दुसरं चित्रही काढून ठेवलं होतं.

बहिणीने छापलेलं चित्र पुढ्यात ठेवलं, तसा आईने चष्मा पुसला.

"हाई काय शे वं? मी डावा हातघाई जेवस का?"

बहिणीने कपाळावर हात मारला. ठशावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून ती आधी उलटं रेखाटते. या वेळी शेतात बसून थेट लाकडावरच काढलं होतं.

"सगळेच डावखुरे झालोय, काकू," मित्र म्हणाला.

"तुमनं चालस. तुमले कोन इचारस?"

मैत्रीण सगळ्यात मोठ्याने हसली.

मी खालून आरसा आणला. आई आरशातल्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिली.

"हात नीट कर," ती बहिणीला म्हणाली. "पदर ऱ्हाऊ दे."

"आबा येणार आहेत, आई," मी म्हणाले.

"मंग येऊ दे."

मला काही कळेना. प्रत्येक लग्नकार्यात मागे उभी राहून मी तिचा पदर सारखा करत आले. तो कोणासाठी? विचारलं, तर म्हणाली, "तुले कोनी सांगेल व्हतं?"

बहीण नवा ठसा कोरते आहे. आबांना आधी कल्पना देण्याचं काम माझ्याकडे आलं. दोनदा फोन हातात घेतला. चित्रात आई आहे, इथपर्यंत सांगता येईल. पुढे पदराचं आधी सांगायचं की जेवणाचं, ते ठरत नाही. फोन अजून राहिलाय.