हेडनोटवर भागवलं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी भाईंदर पूर्वेला एका वकिलांच्या हाताखाली होते. सकाळी टायपिंग, दुपारी कोर्ट, संध्याकाळी पक्षकार. वकिली म्हणजे काय, हे मला तोवर फक्त दमून दमून कळलं होतं.

ज्युनिअरने खरं शिकायचं ते शोधणं. सर सांगायचे, "आधी प्रश्न एका ओळीत लिही. मग त्यावरचा निकाल शोध. तो पुढे कुणी फिरवलाय का ते बघ. आणि अख्खा वाच." सांगायला काय जातं! पुस्तकं ठाण्याला, वकिलांच्या लायब्ररीत. एसटी वाटेतल्या चेणे गावाच्या वळणांवरून हाडं खिळखिळी करत न्यायची. पुस्तक बाहेर न्यायची सोय नाही, हवं ते हाताने उतरवायचं. साडेपाचला पंखा बंद झाला की उठायचं.

तेव्हा तारोडी गावातल्या एका मावशींची केस आली. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या सासूच्या काळापासून मासळी सुकत होती. आता जमीनमालकाचा मुलगा तिथे तारेचं कुंपण घालायला निघाला होता. ते थांबवणारा मनाई हुकूम आम्हाला हवा होता. कुंपण घातलं गेलं की मावशींचा धंदा बुडाला.

तीन दिवस मी जाडजूड पुस्तकं उपसली. तिसऱ्या दिवशी हवा तसा निकाल सापडला. छापणारे निकालाच्या आधी चार ओळींचा सारांश देतात, त्याला हेडनोट म्हणतात. तिथे लिहिलं होतं, वर्षानुवर्षं ताबा असलेल्याला मालकही जबरदस्तीने काढू शकत नाही. माझे डोळे चुरचुरत होते, पाठ मोडली होती. चार ओळी उतरवल्या, पुढची अकरा पानं उद्या वाचू म्हटलं. तो उद्या काही उजाडला नाही. सरांनी विचारलं, "अख्खा वाचलास ना?" मी बेधडक "हो" म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी सर दुसऱ्या कोर्टात अडकले, म्हणून मीच उभी राहिले. न्यायाधीशांनी आपल्या चेंबरमधून ते पुस्तक मागवलं, शांतपणे पानं उलटली आणि माझ्याकडे परत दिलं. "मॅडम, परिच्छेद चौदा मोठ्याने वाचा."

मी वाचला. ताबा मालकाच्या परवानगीने मिळालेला असेल, तर हे संरक्षण नाही. आणि आमच्याच दाव्याच्या पहिल्या पानावर मीच टाईप केलं होतं, की मालकाच्या वडिलांनी तोंडी परवानगी दिली होती. समोरच्या वकिलांना तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. अर्ज नामंजूर. आधी वाचलं असतं, तर दुसरा मुद्दा शोधायला चांगले दहा दिवस हातात होते. स्वतःची इतकी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती.

मावशी मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. कामकाज इंग्रजीत चाललं होतं, आणि त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"काय फाडफाड बोललीस गो बाय! जज्ज पन गप ऐकत व्हता. मंग आता तार न्हाय ना घालनार त्यो?"

"घालणार, मावशी. मी जे वाचलं ना, ते त्याच्या बाजूचं होतं."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. त्या हसल्या, आणि मला तेच पुन्हा एकदा सांगावं लागलं.