विकलेलं चर्च
लोण्यात कांदा परतल्याचा वास आला की मला परदेशात मी राहतो त्या क्रेगीबर्नपासून दूर, एका खेड्यातलं जुनं दगडी चर्च आठवतं. वसईहून मला भेटायला आलेली आई उघडं दार दिसताच आत शिरली आणि गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. समोर वेदीच्या जागी शेगडी होती आणि एक म्हातारा कांदा परतत होता. "चर्च केव्हाच विकलं गेलं, मित्रा. हे आमचं घर आहे," तो मला हळूच इंग्रजीत म्हणाला. आईला उठवावं की त्याची माफी मागावी, मला कळेना. तेवढ्यात त्याने गॅस बंद केला आणि मान खाली घालून तिच्या शेजारी उभा राहिला. गाडीत बसताना आई म्हणाली, "इथले फादर किती साधे आहेत रे!" तिला खरं सांगावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.