नारळाआधीचा कागद

‘त्या गाडीवाल्यानं सडकी गाडी रंगवून आमच्या तात्यांच्या गळ्यात मारली. पण तात्या म्हंजी कोर्टातला माणूस! वकील न्हाई, काय न्हाई, एकट्यानं त्याला आयोगापुढं उताणा पाडला, राव!’

ओतूरच्या एसटी स्थानकासमोरच्या चहाच्या दुकानात माझा पुतण्या ही हकीकत सांगतो. मी समोर असलो की आवाज चढवून सांगतो आणि ऐकणारे माझ्याकडे आदराने वळून पाहतात. हकीकत माझ्या बाजूची आहे. तरीही ती खोटी आहे, आणि ती खोडून काढण्याचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

आधी किरकोळ चुका. गाडी सडकी नव्हती आणि रंगवलेलीही नव्हती. तिचा करडा रंग कारखान्यातलाच होता. त्याच दुकानात बसणारे दुसरे एक गृहस्थ ‘जुन्या गाडीला कायदा लागत न्हाई’ असे ठणकावून सांगतात. तेही चूक. व्यापाऱ्याकडून वापरलेली गाडी घेणाराही ग्राहकच असतो, आणि ठाऊक असलेला दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्यच असते. तक्रार स्वतः लिहून स्वतः मांडता येते. मी मांडली. एवढ्यापुरता पुतण्या बरोबर आहे.

गाडी मी पत्नीसाठी घेतली. तिचे वडील आहुप्याच्या शाळेवर शिक्षक होते आणि तिथली देवराई तिला पुन्हा एकदा पाहायची होती. गुडघ्यांमुळे एसटीची उंच पायरी चढताना तिला दुसऱ्याचा हात धरावा लागे. तो हात बहुधा माझा नसे, कारण मी रांगेत पुढे जाऊन जागा धरण्यात गुंतलेला असे.

जुन्या गाड्यांचे दुकान वारूळवाडीला, हमरस्त्यालगत. मालक चाळिशीतला. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले. याचे मराठी माझ्या पुतण्यापेक्षा कितीतरी शुद्ध. दसऱ्याच्या दिवशी आम्ही गाडी ताब्यात घ्यायला गेलो. झेंडूची माळ बॉनेटवर चढली होती, पत्नीच्या हातात कुंकवाचे ताट होते, आणि मी नारळ उचलला होता. तेवढ्यात मालक हातात घडी केलेला कागद घेऊन लगबगीने आला.

‘काका, एक मिनिट. इंजिनाबद्दल थोडं बोलायचं होतं. यात लिहिलंय सगळं, वाचून घ्या.’

‘आत्ता?’ मी म्हणालो. ‘नारळ फुटायच्या आधी गाडीचं उणं बोलताय? तुमच्याकडे चालत असेल, आमच्याकडे नाही चालत.’

‘तसं नाही, काका. नंतर राहून जातं, म्हणून म्हटलं.’

‘अहो,’ पत्नी हळूच म्हणाली, ‘काय आहे ते बघा तरी.’

मी बघितले नाही. कागद त्याच्या हातातून घेतला, स्टिअरिंगच्या बाजूच्या खणात कोंबला आणि नारळ फोडला. एका घावात फुटला, म्हणून पुतण्याने टाळ्या वाजवल्या. मालक काही क्षण घुटमळला, मग त्यानेही पेढा घेतला.

महिनाभर गाडी उत्तम चालली. डिंभे धरण मागे टाकून आहुप्याकडचा चढ सुरू झाला तेव्हा बॉनेटमधून वाफ येऊ लागली, आणि एका वळणावर इंजिन बंद पडले. पत्नी तीन तास रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. देवराई राहिली ती राहिलीच. एका जीपने गाडी ओढून घोडेगावला आणली. तिथल्या मिस्त्रीने इंजिन उघडले आणि मला जवळ बोलावले.

‘बाबा, हे आधी उघडलेलं हाय. हेड तडाकलं व्हतं, वेल्डिंग मारलंय. तुमाला कुनी सांगितलं न्हाई?’

‘नाही,’ मी म्हणालो. त्या क्षणी ते उत्तर मला खरेच वाटले. कागद मी पार विसरलो होतो. यावर कोणाला विश्वास ठेवायचा नसेल तर त्याने ठेवू नये. मी आग्रह धरत नाही.

मालकाला फोन केला. तो म्हणाला, ‘काका, मी तर कागद दिला होता तुम्हाला.’ मी त्याला खोटारडा म्हणालो आणि फोन ठेवला. मग तक्रारीसाठी कागदपत्रे जमवायला बसलो आणि गाडीच्या खणात ती घडी सापडली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्नरच्या न्यायालयात माझी सारी नोकरी साक्षीदारांना शपथ देण्यात गेली. ‘खरे सांगेन’ हे शब्द मी इतक्या लोकांकडून वदवून घेतले की माणूस ते म्हणताना कुठे चाचरतो, हे मला मान वर न करता कळे. त्याच मी शपथपत्रात लिहिले: विक्रेत्याने सदर दोषाबाबत मला लेखी वा तोंडी कोणतीही माहिती दिली नाही. तक्रारीच्या जोडपत्रांना सुबक क्रमांक घातले. तो कागद त्यांत नव्हता.

पुण्याला ग्राहक आयोगापुढे मालक एकटाच उभा होता. त्यानेही वकील दिला नव्हता, पण हे पुतण्या कधी सांगत नाही.

‘मी कागद दिला होता, साहेब.’

‘पोच आहे?’ अध्यक्षांनी विचारले.

पोच नव्हती, नक्कलही नव्हती. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. ‘काकांना विचारा. ते खरं सांगतील.’

मला विचारण्यात आले. मी म्हणालो, ‘माझे म्हणणे शपथपत्रात आहे.’ आणि मी चाचरलो नाही.

आदेश माझ्या बाजूने झाला. त्याने गाडी परत नेली, किंमत चुकती केली, आणि वारूळवाडीपासून ओतूरपर्यंत लबाड म्हणून नाव झाले ते त्याचे. आता तो प्रत्येक गिऱ्हाइकाला नारळाआधी दोषांची यादी मोठ्याने वाचून दाखवतो आणि खाली सही घेतो. लोक हसतात. ‘शेठ, लगीन लावताय का मयताचा पंचनामा करताय?’ तो मान खाली घालून पुढची ओळ वाचतो. मी हे रस्त्याच्या पलीकडून पाहिले आहे. रस्ता ओलांडून गेलो नाही.

मी दुसरी गाडी घेतली. पत्नी तिच्यात बसत नाही. ‘काकूला गाडी लागते,’ असे पुतण्या म्हणतो. साफ खोटे! एसटीत जिला कधी लागली नाही, तिला माझ्या गाडीतच कशी लागेल? कुंकवाचे ताट घेऊन ती माझ्या शेजारी उभी होती. निकालानंतर तिने मला एकदाच विचारले, ‘त्या कागदाचं काय झालं हो?’ मी पेपर वाचत राहिलो. त्या दिवसापासून ती स्थानकावर जाते आणि कोणाचा तरी हात धरून एसटीत चढते.

तेव्हा गाडीवाल्याने मला फसवले, हे यापुढे कोणी बोलू नये. कोणाला वाद घालायचाच असेल तर त्याने माझ्या घरी यावे. तो कागद माझ्या लोखंडी कपाटात आहे, घडीवर झेंडूचा पिवळा डाग आहे, आणि त्यावर मालकाच्या हातची तिसरी ओळ अशी आहे: ‘इंजिनाचे हेड तडकले होते, वेल्डिंग केले आहे, घाटात नेऊ नये.’