लाटेपुरतं वजन

कुठलीही वस्तू समोर आली की मिस्त्री आधी तिच्या मागे जात. माझी नवी स्कूटर दाखवली तेव्हा त्यांनी रंग पाहिला नाही, किंमत विचारली नाही. मागच्या सीटवर दोन्ही हात टेकवून दाबून पाहिलं आणि म्हणाले, "फुडचं समदं दिसतंच. मागं काय हाय ते बघावं."

भोसरीत माझं मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढून देण्याचं दुकान आणि त्यांची शेड शेजारी शेजारी. फोर्कलिफ्ट माल उचलताना तोंडावर पडू नये म्हणून तिच्या मागे लोखंडाचा जड ठोकळा असतो. तो बसवणं, बदलणं हे मिस्त्रींचं आयुष्यभराचं काम. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील: चाकणच्या अनेक कारखान्यांत त्यांच्या हातचं काहीतरी असतं आणि एकाही गेटवरचा पहारेकरी त्यांना ओळखत नाही.

पुढे कंपन्या फोर्कलिफ्ट भाड्याने घेऊ लागल्या आणि दुरुस्तीही भाड्याने देणाऱ्यांकडे गेली. शेडमध्ये मिस्त्री आणि सोपान नावाचा पन्नाशीचा कामगार एवढेच उरले. "नवं काम न्हाई मिळालं तर दिवाळीनंतर शटर खाली," मिस्त्रींनी मला सांगितलं, घरातली चहापूड संपली हे सांगावं तशा आवाजात.

अशात धरणाकाठच्या एका रिसॉर्टचे मालक आले. पूर्वी ते जमिनींचे व्यवहार करत. आता कार्डावर सोनेरी अक्षरांत 'जलक्रीडा उद्योजक' होते. त्यांच्या छोट्या मोटरबोटीमागे दोरी धरून, फळीवर उभे राहून हिंजवडीचे तरुण पाण्यावर घसरत. पण उडी मारायला लाट लागते, आणि हलकी बोट पुरेशी लाट उठवत नव्हती. ती जड करायची होती. जमलं तर आणखी सहा बोटींचं काम मिस्त्रींना मिळणार होतं.

मिस्त्री जन्मात बोटीत बसले नव्हते. पण वजन कुठे ठेवायचं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी सगळे लोखंडी ठोकळे मागे घट्ट बांधले. बोट निघाली ती नाक आभाळाकडे करून. चालवणाऱ्याला फक्त ढग दिसत होते. मागे लाट उठली, आणि उठल्या उठल्या फुटून तिचा फेस झाला.

"मिस्त्री, बोट सांगितली होती, रॉकेट नाही," मालक म्हणाले.

"चुकलं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "फोर्कलिफ्टच्या फुडं माल असतो. हितं फुडं कोनच न्हाई."

पुढच्या रविवारी त्यांनी ठोकळ्यांऐवजी माणसं नेली: सोपान, मी आणि रिसॉर्टचे दोन वेटर. लाइफ जॅकेट घालून आम्ही बसलो. मिस्त्री एका हाताने कठडा धरून मागची लाट बघत आणि आम्हाला हलवत.

मला म्हणाले, "साहेब, जरा फुडं सरका. पोटासकट."

लाट सरळ झाली तेव्हा प्रत्येकाच्या बुडाभोवती त्यांनी खडूने रेघ ओढली. त्या रेघांत रबरी पिशव्या बसवल्या. पंपाने धरणाचंच पाणी त्यांत भरायचं आणि काम झालं की धरणात सोडायचं. चाचणीच्या दिवशी बोटीमागून लांब, गुळगुळीत, गवंड्याने थापी फिरवावी तशी लाट निघाली. एका पोराने तिच्यावरून उडी मारली आणि तो उभाच उतरला.

"भावा, परत एकदा," मिस्त्री म्हणाले. मी त्यांना दुसऱ्यांदा काही दाखवा म्हणताना प्रथमच ऐकलं.

त्याच आठवड्यात सोपानला निघोज्याच्या एका गोदामात वॉचमनच्या नोकरीचं बोलावणं आलं. मिस्त्री म्हणाले, "जाऊ नको. सहा बोटी हायेत." सोपान गेला नाही.

महिन्याभराने उद्घाटनाचं आमंत्रण आलं. मांडव, सनई, अकरा मान्यवर आणि अकराही जणांची भाषणं. धक्क्याला सहा नव्या बोटी होत्या, तयार मागवलेल्या. वजनाच्या टाक्या पोटातच. मालकांनी मिस्त्रींना शाल दिली आणि पहिल्या बोटीचं बटण त्यांनाच दाबायला लावलं. आत पाणी भरल्याचा आवाज आला. मिस्त्री वाकून तो ऐकत राहिले.

"मनावर घेऊ नका हं," मालक म्हणाले. "तुमच्यामुळेच तर कळलं, काय मागवायचं ते."

परतताना मोशीजवळ मिस्त्रींनी शालीची घडी घातली. मग म्हणाले, "सोपानला मी जाऊ नको म्हनलो."

गोदामात तोवर दुसरा माणूस लागला होता. दिवाळीनंतर शेड बंद झाली. पण दर सोमवारी मिस्त्री सोपानला घेऊन निघोज्याला, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसात जात. एकदा मीही बरोबर होतो. कारकुनाने विचारलं, "काका, तुमचं काय काम?"

"माझं न्हाई, ह्याचं. हा येनार हुता. मी अडवलं."

"जागा नाही. पुढच्या आठवड्यात बघा."

मिस्त्रींनी मान डोलावली, जणू तारीख पक्की झाली.

मग त्यांचं माझ्याकडे येणं थांबलं. फोनही बंद लागे. परवा चाकणच्या चौकात सोपान भेटला. हातगाडीवर केळी विकत होता. मी म्हटलं, "नोकरीचं काय झालं? सोमवारी जाता ना अजून?"

"म्या कव्हाच सोडलं," तो म्हणाला. केळ्यांवर ओलं फडकं नीट पसरत त्याने खाली बघितलं. "मिस्त्री जातेत अजून."