बिनचेनची सायकल
नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत आमचा सायकली बनवण्याचा छोटा कारखाना होता, पुढं दुकान, आणि मी हौसेनं त्याची वेबसाइट काढली होती. पहिली वेबसाइट म्हणजे लग्नपत्रिकाच! गुलाबी अक्षरं, वर गणपती आणि मधोमध थोरल्या भावाचा पासपोर्ट फोटो. सायकल कुठंच नाही. संगणकाचा क्लास घेणारी माझी आतेबहीण म्हणाली, "अरे, तुम्ही सायकली विकता की दादाला?" मग तिनंच सगळं नव्यानं मांडलं.

फोटोचं दिग्दर्शन अर्थात माझं. चेहऱ्याची कुठली बाजू प्रेक्षकांकडं ठेवायची, हे सांगलीच्या हौशी नटाला कुणी शिकवावं लागत नाही. डायनामो डावीकडं चमकत होता, म्हणून सायकल डाव्या अंगानं उभी केली. मागं आमच्या नाटकमंडळीचा निळा पडदा. काय दिसत होती!

नव्या मांडणीत दादाचा फोटो उडाला होता. त्यानं तोंड फिरवून फर्मान काढलं, "गिऱ्हाइकांना दाखव. हसले, तर तुझी वेबसाइट बंद."

बहिणीचा संगणक मी गल्ल्याशेजारी मांडला. टेलिफोनच्या वायरीवरून फोटो वरून खाली सावकाश उतरू लागला. हँडल आलं, गिऱ्हाइकांच्या माना पुढं आल्या. डायनामो आला, एकानं शिट्टी मारली. चाकं आली. माझी छाती फुगली.

तेवढ्यात तासगावकडचा एक दूधवाला डोळे बारीक करून म्हणाला, "मालक, चेन कुठं हाय?"

चेन उजवीकडं! त्या धूसर फोटोत तिचा मागमूस नव्हता.

"बिनचेनची काढली जनू," दुसरा म्हणाला. "पायडल नुसतं शोभंला, व्हय रं?"

दुकान गदगदून हसलं. दादानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी संगणकाची वायर काढायलाच वाकलो. पण नटाचा स्वभाव जातो कुठं? वाकल्या वाकल्या मी गूढ हसलो आणि म्हणालो, "गावाकडं सांगा, येऊन बघा म्हणावं एकदा."

थट्टा एसटीत बसली आणि साताऱ्याला पोचेपर्यंत तिची बातमी झाली. लोक यायला लागले! बाजाराला आलेले, पाव्हण्याकडं आलेले, सगळ्यांना बिनचेनची सायकल हवी. दादाला समजावून समजावून घाम फुटला. शेवटी साताऱ्याकडचे एक आजोबा आले, पांढऱ्याशुभ्र धोतरात.

"आवं मालक, ती बिनचेनची दावा. माज्या धोतराचा सोगा चेनीत जातुय. सूनबाई डाग धुऊन धुऊन वैतागलीया."

दादा माझ्याकडं वळला. "सांग आता तूच."

मी घाईनं गल्ल्यावरची धूळ झटकू लागलो. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला काय सांगणार?

दादानं त्या धोतराकडं निरखून पाहिलं आणि तो आत गेला. बाहेर आला तो चेनीवर पूर्ण झाकण बसवलेली सायकल घेऊन.

"चेन आहे आजोबा," तो म्हणाला, "पण पडद्याआड."

आजोबांनी टांग टाकली. अंगणात एक गिरकी, दुसरी गिरकी, धोतर वाऱ्यावर फडफडतंय! मी तर नाचायचाच बाकी होतो. उतरून त्यांनी सोगा उलटसुलट पाहिला.

"डाग न्हाई! लय झ्याक!"

सायकल तिथंच विकली गेली. गर्दी पांगल्यावर मी हळूच विचारलं, "दादा, वेबसाइटचं काय करायचं?"

"राहू दे," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "फोटो मात्र नवा काढ, उजव्या अंगानं. मी हँडल धरून उभा राहतो."